घटक ६ : नियुक्तिपत्राचे चिकित्सक वाचन

६.० उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• बनावट नियुक्तिपत्रातील भाषिक खुणा ओळखता येतील.
• पत्राची पडताळणी करण्याची रीत सांगता येईल.
• फसवणूक झाल्यास करावयाची कार्यवाही स्पष्ट करता येईल.

६.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, अर्ज लिहिणे हे जसे भाषिक कौशल्य आहे, तसेच अर्जाला आलेले उत्तर पारखून वाचणे हेही आहे. नोकरीची निकड असलेला वाचक पत्रात आपल्याला हवे तेच वाचतो. फसवणूक करणारा नेमका याचाच लाभ घेतो. अशा वेळी केवळ पैसाच जातो असे नाही. उसनवारी, गहाण पडलेले दागिने आणि लाजेपोटी बाळगलेले मौन यांचा भार सारे घर वाहते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ नमुन्याचे विश्लेषण
समजा, बुलढाणा तालुक्यातील देऊळघाट येथील एका पदवीधर तरुणीला भ्रमणध्वनीवर पुढील मजकूर आला :

“अभिनंदन! रेल्वेत लिपिक पदावर तुमची थेट निवड झाली आहे. आजच ४,५०० रुपये अनामत भरा; अन्यथा नियुक्ती रद्द. ही बाब गोपनीय ठेवा.”

यातील ‘थेट’ हा शब्द निवडीची प्रक्रियाच झाकतो. रेल्वेतील लिपिकपदांची खुली भरती रेल्वे भरती मंडळाची जाहिरात व परीक्षा यांद्वारे होते. ‘आजच’ हा शब्द चौकशीचा अवधी हिरावून घेतो, तर ‘गोपनीय’ हा शब्द सल्ला देऊ शकणाऱ्या माणसांपासून तिला तोडतो. जाहिरात क्रमांक, संदर्भ, वेतन, रुजू होण्याचे ठिकाण यांचा मात्र कोठेही उल्लेख नाही.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. परीक्षा शुल्क जाहिरातीत नमूद असते आणि ते अर्जासोबत भरले जाते. निवडीनंतर ‘अनामत’, ‘प्रशिक्षण’ वा ‘गणवेश’ या नावांनी खासगी व्यक्तीच्या खात्यावर मागितलेली रक्कम हे फसवणुकीचे ठळक लक्षण होय.

६.२.२ पत्राबाहेरील पडताळणी
बोधचिन्ह, जावक क्रमांक, शिक्का, सही या साऱ्यांची नक्कल करता येते. म्हणून पत्राचा खरेपणा पत्रातच शोधू नये. मूळ जाहिरात व निवडयादी अधिकृत संकेतस्थळावर पाहावी. पत्रातील क्रमांकावर न विचारता संकेतस्थळावरील क्रमांकावर विचारणा करावी.

६.२.३ परदेशातील नोकरी
सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सूचना प्रसिद्ध केली. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये बेकायदा नेऊन कोंडून ठेवले जात होते. मार्च २०२५ मध्ये अशा शेकडो भारतीयांना विमानाने मायदेशी आणावे लागले. उत्प्रवासन अधिनियम, १९८३ नुसार परदेशी नोकरभरती करणाऱ्या दलालाने नोंदणी करणे बंधनकारक आहे. तेव्हा त्याचा नोंदणी क्रमांक शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पडताळावा.

६.२.४ फसवणूक झाल्यास
१९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तत्काळ कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्यापूर्वी कळविल्यास ती गोठविता येण्याची शक्यता अधिक असते. संदेश, पावत्या व व्यवहार क्रमांक जपून ठेवावेत आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणूक हा गुन्हा आहे. फसला गेलेला माणूस गुन्हेगार नव्हे.

६.३ सारांश
खऱ्या नियुक्तीचा क्रम जाहिरात, अर्ज, निवड, पत्र असा असतो. बनावट पत्र हा क्रम मोडते, घाई करते आणि पैसे मागते. पत्राचा अर्थ पत्रात असतो. त्याचा पुरावा मात्र पत्राबाहेर असतो.

६.४ स्वाध्याय
१. वरील नमुन्यातील ‘थेट’, ‘आजच’ व ‘गोपनीय’ या शब्दांचे कार्य स्पष्ट करा.
२. परीक्षा शुल्क व निवडीनंतर मागितलेली अनामत यांतील फरक लिहा.
३. तुमच्या गावातील तरुणांसाठी याविषयी दहा ओळींची सूचना तयार करा.