रक्त-लघवी तर ठीक आहे!

कापसावर फवारणी करून आलेल्या माझ्या थोरल्या भावाला संध्याकाळी तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. ओकाऱ्या, अंगभर घाम, तोंडातून लाळ. रक्त-लघवी तपासली. हिमोग्लोबिन, पेशी, साखर, सगळं मर्यादेत. ‘उन्हाचा त्रास आहे, घेऊन जा,’ असं सांगितलं. वहिनीने तर देवाला हात जोडले. रात्री त्याच्या दंडाचं मांस आपोआप फडफडू लागलं, तेव्हा जिल्ह्याला पळालो. तिथल्या डॉक्टरबाईंनी आमच्या रिपोर्टकडे पाहिलंही नाही. आधी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. रक्ताचा नमुना काढून घेतला आणि रिपोर्टची वाट न बघता अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. भाऊ वाचला.

आता गावात कुणाला बाधा झाली की नातेवाईक असाच ‘नॉर्मल’ कागद माझ्यापुढे धरतात. त्या कागदावर विषाचा शोध घेतलेलाच नसतो. पेशी किती, लघवीत साखर-प्रोटीन आहे का, एवढंच तो सांगतो. विष नाव घेऊन शोधावं लागतं. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट औषधासाठी रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजतात. हे विष तेच एन्झाइम बंद पाडतं, म्हणून आकडा घसरतो. पण माणसागणिक मूळ आकडा वेगळा असतो, आणि पायरेथ्रॉइड गटातल्या औषधाने तो घसरतच नाही. म्हणजे हाही रिपोर्ट एकटा पुरत नाही. त्यात आपल्याकडे एकाच पंपात दोन-तीन औषधं कालवायची खोड. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं दगावली, तेव्हा या मिश्रणांची चर्चा झाली. खोड मात्र गेली नाही.

म्हणून रोग्याबरोबर औषधाची बाटली न्या, निदान लेबलाचा फोटो तरी. त्यावर घटकाचं नाव असतं, उतारा लिहिलेला असतो. फवारणीचे कपडे आधी उतरवा, अंग साबणाने धुवा. फवारणी किती वाजता झाली, काय काय मिसळलं, ते डॉक्टरांना खरं सांगा. पोलीस केस होईल म्हणून लपवाल तर उपचार चुकतील.

पोलिसांमार्फत नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, ते प्रकरण वेगळं. आमच्याकडचे नागपूरला जातात. सीलबंद बाटल्या, कुणाच्या हातून कुणाकडे गेल्या त्याची नोंद, आणि उत्तर यायला कित्येकदा महिने. त्याचा उपचाराला उपयोग नाही, कोर्टाला आणि विम्याला आहे. माणूस गेलाच तर ‘कापाकापी नको’ म्हणणारे चार जण भेटतात. त्यांचं ऐकू नका. व्हिसेरा राखून ठेवला का, हे शवविच्छेदनाच्या वेळीच विचारा. शेतकरी अपघाताच्या अनुदानात फवारणीची विषबाधाही बसते, आणि तिथे विष कोणतं याचा कागद मागितला जातो. अग्नी दिल्यावर तो कुठून आणणार?