ट्रेलरच्या दांड्याचा जॅक : हातानें फिरवावयाचा कीं विजेचा?

ट्रॅक्टर बाळगणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं त्यामागें जोडावयाचें दोन चाकांचें एखादें तरी वाहन असतेंच. कोणाकडे ट्रॉली, कोणाकडे पाण्याची टाकी, तर द्राक्षबागाइतदारांकडे औषध फवारण्याचा ब्लोअर. वाहन ट्रॅक्टरपासून सोडलें कीं त्याचा पुढील दांडा जमिनीवर पडूं नये म्हणून त्याखालीं आधार द्यावा लागतो. पुष्कळ ठिकाणीं हा आधार म्हणजे एखादा दगड, विटांची रास किंवा ओंडका असतो. आमच्याकडेही अनेक वर्षें हीच रीत होती. एका पावसाळ्यांत पाण्याच्या टाकीच्या दांड्याखालचा दगड चिखलांत सरकला व दांडा एकदम खालीं कोसळला. खीळ बसविण्यासाठीं वांकलेल्या आमच्या गड्याचा पाय चार बोटांच्या अंतरानें वांचला. त्या दिवसापासून जॅकावांचून आम्ही कोणतेंही वाहन सोडीत नाहीं.

जॅक घ्यावयाचें ठरलें कीं प्रश्न येतो तो हा, कीं हातानें फिरवावयाचा साधा जॅक घ्यावा कीं बटण दाबतांच चढणारा विजेचा घ्यावा? किंमतींत अंतर मोठें आहे. म्हणून केवळ नवलाईच्या भरीं न पडतां हिशेबानें निर्णय कसा करावा, तें या पाठांत पाहूं.

दांड्यावर ओझें किती येतें?

बैलगाडी भरणाऱ्यास हें तत्त्व नव्यानें सांगावयास नको. माल पुढें अधिक झाला कीं गाडी धुरजड होते व जूं बैलांच्या मानेवर दाबतें. मागें अधिक झाला कीं ती उलाळ होते. ट्रॉलीचेंही तसेंच आहे. समजा, गाडी व माल मिळून वजन 3,000 किलो आहे, आंसापासून हुकापर्यंतचें अंतर 3 मीटर आहे आणि सर्व वजनाचा मध्य आंसाच्या पुढें 30 सेंटिमीटरवर येतो. 30 सेंटिमीटर हा 3 मीटरचा दहावा भाग. म्हणून वजनाचाही दहावा भाग, म्हणजे 300 किलो, दांड्याच्या टोकावर येईल. भरलेल्या ब्लोअरचें वजन 1,000 किलो, आंसापासून हुकापर्यंत 2 मीटर व वजनाचा मध्य आंसापुढें 20 सेंटिमीटर धरला, तर तेथें ओझें 100 किलोच भरतें.

ज्यांस हा हिशेब नको असेल त्यांनीं प्रत्यक्ष तोलून पाहावें. सपाट जागीं चाकांस पुढून-मागून उटी लावावी, धान्य मोजण्याचा काटा दांड्याखालीं ठेवून त्यावर भक्कम लांकडी ठोकळा उभा करावा व दांडा समपातळींत राहील असा त्यावर हळूच टेकवावा. मात्र आलेलें ओझें काट्याच्या मर्यादेंत आहे याची आधीं खात्री करून घ्यावी. जें ओझें येईल त्याच्या निदान दुप्पट शक्तीचा जॅक घ्यावा, असें आमचें मत आहे. वाहन उलाळ असेल तर मात्र जॅकाचा उपयोग नाहीं. हुकांतून सुटतांच दांडा उसळून वर येतो व जवळच्या माणसास मारतो. असें वाहन माल काढल्यावांचून कधींही सोडूं नये.

हाताच्या जॅकाचें बळ

साध्या जॅकांत मळसूत्र असतें. त्याचा आटा 5 मिलिमीटरचा धरला, तर मूठ एकदां पूर्ण फिरविल्यानें दांडा 5 मिलिमीटर चढतो. मुठीचा हात 15 सेंटिमीटर लांब असेल तर त्या एका फेऱ्यांत आपला हात सुमारें 94 सेंटिमीटर फिरतो. म्हणजे हात जेवढा चालतो त्याच्या जवळजवळ 188 वा भाग दांडा चालतो, आणि त्याच प्रमाणांत बळ वाढावयास हवें. परंतु मळसूत्राच्या घर्षणांत त्यांतील बराच भाग खर्च होतो. चौथा हिस्साच हातीं लागला असें धरलें, तरी 300 किलोचें ओझें उचलण्यास मुठीवर साडेसहा किलोंच्या आंत जोर पुरतो. 100 किलोस दोन-सवादोन किलो पुरे. 20 सेंटिमीटर उंची चढविण्यास 40 फेरे लागतात, म्हणजे मिनिट-दीड मिनिटाचें काम. मळसूत्रास ग्रीस नसेल व त्यांत धूळ गेली असेल, तर हाच जोर पुष्कळ वाढतो. "जॅक जड जातो" या तक्रारीचें मूळ बहुधा ओझ्यांत नसून ग्रीसच्या अभावांत असतें.

विजेच्या जॅकाचें जन्मस्थान

विजेचा जॅक विशेष प्रचारांत आला तो अमेरिकेंतील प्रवासी घरगाड्यांमुळें. मोटारीमागें जोडून न्यावयाच्या या गाड्यांत बिछाना, चूल, पाण्याची टाकी असें सारें बिऱ्हाड असतें. रस्त्यावर गाडी मागून डोलूं नये म्हणून एकंदर वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकावर राखण्याचा तेथें प्रघात आहे. म्हणजे 3,000 किलोच्या गाडीच्या दांड्यावर 300 ते 450 किलो ओझें येतें. शिवाय मुक्कामास पोहोंचल्यावर गाडी समपातळींत आणण्यासाठीं दांडा पुन्हां पुन्हां वर-खालीं करावा लागतो, आणि अशा प्रवाशांत वृद्ध माणसें पुष्कळ असतात. मुख्य गोष्ट अशी, कीं घरांतील दिव्यांसाठीं या गाडींत 12 व्होल्टची बॅटरी असतेच आणि ती बहुधा दांड्यावरच बसविलेली असते. 3,500 पौंड, म्हणजे 1,600 किलोंच्या आसपास, शक्तीचा विजेचा जॅक तेथें सर्रास मिळतो. त्याची तार हातभर अंतरावर जोडतां येते.

आपल्या ट्रॉलीवर बॅटरी नसते. वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून आणावी लागते. जोडतांना व सोडतांना ट्रॅक्टर जवळच असतो, म्हणून हें अशक्य नाहीं. परंतु तार जाड हवी. अशा जॅकास बहुधा 30 अँपिअरचा फ्यूज सांगितलेला असतो. जाऊन-येऊन 8 मीटर लांबीची तांब्याची तार 2.5 चौरस मिलिमीटरची घेतली, तर पूर्ण प्रवाहाच्या वेळीं 12 पैकीं दीड व्होल्टहून अधिक दाब तारेंतच मुरतो, मोटर रखडते व तार तापते. तीच तार 6 चौरस मिलिमीटरची घेतल्यास हा तोटा पाऊण व्होल्टाच्या आसपास येतो. फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ बसवावा. वीज मात्र थोडी लागते. पूर्ण 30 अँपिअर एक मिनिट घेतले तरी बॅटरींतून अर्धा अँपिअर-तासच खर्च होतो.

विजेच्या जॅकानें वेळ फारसा वांचत नाहीं, कारण तोही हळूहळूच चढतो. वांचतात ते श्रम. उलट चिखल, धूळ व धुण्याचें पाणी हे त्याचे शत्रू होत. ब्लोअरवर तर मोरचुदाचें पाणी उडून तारांचे जोड हिरवे पडतात. हंगाम संपल्यावर चार-सहा महिने जोड तसेच राहिले, कीं ऐन फवारणीच्या सकाळीं बटण दाबूनही कांहीं हालत नाहीं. म्हणून हातानें फिरविण्याची सोय नसलेला विजेचा जॅक कोणीं घेऊं नये.

निवड कशी करावी?

तीन प्रश्न स्वतःस विचारावे. दांड्यावरील ओझें किती? दिवसांतून किती वेळां जोड-सोड करावी लागते? आणि तें काम कोण करतो?

ओझें 300 किलोंच्या आंत आहे, जोड-सोड दिवसांतून दोन-चार वेळां आहे व करणारा माणूस धडधाकट आहे, अशा घरीं चांगला हाताचा जॅकच योग्य. वांचलेल्या पैशांत भक्कम पाया, चाकी व ग्रीस हीं सर्व येतात. ओझें अधिक असेल, एकच ट्रॅक्टर दिवसभरांत अनेक वाहनें बदलीत असेल, अथवा काम करणाऱ्याचा खांदा किंवा मनगट अधू असेल, तर विजेचा जॅक चैन नव्हे. घरच्या वृद्धास किंवा बाईमाणसास दुसऱ्याची वाट न पाहतां वाहन जोडतां आलें, तर तो खर्च सार्थकीं लागला असें आम्ही समजतों.

दोहोंसही लागू असलेले नियम

चाकांस उटी लावल्यावांचून खीळ काढूं नये. मऊ जमिनींत जॅकाखालीं फळी द्यावी. 300 किलोचें ओझें 15 सेंटिमीटरच्या चौरस पायावर दर चौरस सेंटिमीटरास सवा किलोहून अधिक दाब देतें. 30 सेंटिमीटरच्या चौरस फळीवर तोच दाब चौथाईवर येतो. वळणाऱ्या जॅकाची खीळ पूर्ण बसली आहे, हें पाहूनच भार द्यावा. ट्रॅक्टर मागें येत असतां दोहोंच्या मध्यें कोणीं उभें राहूं नये. दांडा जॅकावर असतां त्याखालीं हात-पाय घालूं नयेत. वाहन चालूं करण्यापूर्वीं जॅक वर घेतला आहे कीं नाहीं, हें खालीं उतरून पाहावें. कारण खालीं राहिलेला जॅक पहिल्याच बांधावर वांकतो.

हे नियम पाळले तर साधा जॅकही माणसाचा पाय वांचवितो. न पाळले तर महागडा जॅकही वांचवीत नाहीं. वाचकांनीं या महिन्यांत आपल्या वाहनाचा दांडा एकदां तोलून पाहावा व मगच बाजाराची वाट धरावी, एवढीच आमची सूचना आहे.