थॅलेसेमिया : नावात समुद्र, आजार घरातला

"डॉक्टर, गोळ्या बदलून द्या, रक्त काही वाढत नाही." खेड तालुक्यातला, चाकणच्या कारखान्यात काम करणारा तरुण तक्रार करीत होता. सहा महिने लोहाच्या गोळ्या चालू होत्या. त्या मीच दिलेल्या. हिमोग्लोबिन ११ च्या वर जाईना. मग मी रिपोर्ट पुन्हा नीट वाचला. तांबड्या पेशी ५८ लाख, म्हणजे भरपूर. पण आकाराने फारच लहान. पुढची तपासणी केली. निदान झाले, थॅलेसेमिया मायनर. "म्हणजे काय हो?" त्याने विचारले.

ग्रीक भाषेत 'थलासा' म्हणजे समुद्र, 'हायमा' म्हणजे रक्त. ॲनिमिया शब्दातही हाच हायमा आहे. १९२५ साली अमेरिकेतील डॉ. कूली यांनी या आजाराची मुले प्रथम नोंदवली. असे रुग्ण तेव्हा इटली, ग्रीसकडून आलेल्या कुटुंबांत दिसत. म्हणून भूमध्य समुद्रावरून व्हिपल आणि ब्रॅडफोर्ड यांनी १९३२ मध्ये हे नाव दिले.

पण नाव फसवे आहे. समुद्राशी आजाराचा संबंध नाही. तो आईवडिलांकडून येतो. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी समाजात, तसेच पंजाबी, लोहाणा समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे. तरी कोणतीही जात, कोणताही समाज त्यातून सुटलेला नाही. माझा हा पेशंट मराठीच.

मायनर व्यक्ती ठणठणीत असते. तिला औषध लागत नाही. रक्तातले लोह तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्याही देऊ नयेत. मात्र पती-पत्नी दोघेही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्यामुळे अंगात साठणारे लोह काढण्यासाठी वेगळी औषधे घ्यावी लागतात.

त्या तरुणाची पत्नी तिसऱ्या महिन्यात होती. तिची 'हिमोग्लोबिन ए-टू' तपासणी लगेच करवली. रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस त्या घराला फार जड गेले. रिपोर्ट नॉर्मल आला.

वाचकहो, ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. लग्नाआधी करा, राहिली असेल तर दिवस गेल्याचे कळताच करा. त्या तरुणाच्या धाकट्या भावाचे लग्न ठरते आहे. त्यालाही मी बोलावले आहे.