फुकट खेळणाऱ्याची किंमत

प्रश्न : माझा पुतण्या अकरावीत आहे. मोबाइलवर ‘हार्थस्टोन’ नावाचा कार्डांचा खेळ खेळतो. विचारलं की म्हणतो, “काकू, फुकट आहे, एक पैसा लागत नाही.” पण त्याच खेळातल्या दुकानात कार्डांची पाकिटं विकायला ठेवलेली मी स्वतः पाहिली. मग हे फुकट कसं? पैसे न भरता यात खरंच जिंकता येतं, की हरवून हरवून शेवटी पाकीट घ्यायला लावतात? आणि जमवलेली कार्डं पुढे विकता येतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पुतण्या खरं बोलतोय आणि तुमची शंकाही रास्त आहे. हा खेळ एक रुपयाही न देता वर्षानुवर्षं खेळता येतो. मात्र त्यातली सगळी कार्डं एक रुपयाही न देता मिळत नाहीत. कंपनीचा धंदा या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालतो.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीने तो ११ मार्च २०१४ रोजी आणला. दोन खेळाडू समोरासमोर. प्रत्येकाजवळ ३० कार्डांचा डेक आणि प्रत्येकाच्या नायकाला ३० हेल्थ. पहिल्या टर्नला एक मॅना मिळतो, दुसऱ्या टर्नला दोन, असं करत दहापर्यंत. प्रत्येक कार्ड खेळायला ठरलेला मॅना मोजावा लागतो. समोरच्याचं हेल्थ शून्यावर आणलं की डाव तुमचा. डेक मात्र खेळाडूने आधीच स्वतः बांधून आणायचा असतो आणि तो आपल्या संग्रहातल्या कार्डांतूनच बांधता येतो. पैशाचा प्रश्न इथे येतो.

नवी कार्डं पॅकमधून मिळतात. पॅक १०० गोल्डला येतो. हे गोल्ड खेळून, रोजची आणि आठवड्याची कामं पुरी करून कमावता येतं. किंवा थेट पैसे देऊन पॅक घेता येतो. एका पॅकमध्ये पाच कार्डं असतात आणि त्यातलं किमान एक ‘रेअर’ किंवा त्याच्या वरच्या प्रतीचं असतं. पॅक उघडण्याचा प्रसंग एकदा पुतण्याच्या शेजारी बसून बघा. पाकीट ओढून मधल्या चौकटीत सोडायचं, ते फुटतं आणि पाच कार्डं पालथी पडतात. संगणकावर खेळत असाल तर कर्सर नुसता वर नेला तरी कडेला रंग उजळतो. निळा असेल तर रेअर, जांभळा असेल तर एपिक आणि नारिंगी असेल तर लेजेंडरी. कार्ड उलटलं की एक भारदस्त आवाज त्याची प्रत पुकारतो. उलटण्याआधीचा तो क्षण फार विचार करून घडवलेला आहे. काळजी करायचीच असेल तर ती या पडद्याची करा, डावाची नको.

आता त्या नारिंगी रंगाचा हिशोब. ऑनलाइन खेळांतल्या नशिबाच्या पेट्यांत काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करण्याची सक्ती चीनने २०१७ मध्ये केली. त्यामुळे ब्लिझर्डला आकडे सांगावे लागले : सरासरी वीस पॅकमागे एक लेजेंडरी, पाच पॅकमागे एक एपिक. एखाद्या सेटचे (म्हणजे एकत्र आलेल्या नव्या कार्डांच्या संचाचे) चाळीस पॅक उघडेपर्यंत लेजेंडरी मिळतेच, अशी आतली सोयही आहे. नको असलेलं कार्ड मोडून त्याचं ‘डस्ट’ करता येतं आणि त्या डस्टमधून हवं ते कार्ड बनवता येतं. पण मोडण्याचा आणि बनवण्याचा भाव सारखा नाही. साधं कार्ड मोडलं तर ५ डस्ट, बनवायला ४०. रेअरला २० आणि १००, एपिकला १०० आणि ४००, लेजेंडरीला ४०० आणि १६००. म्हणजे सगळ्यात हलकं पाकीट निघालं, चार साधी आणि एक रेअर, तर ते पुरतं मोडून ४० डस्ट हाती येतात. पाच कार्डांच्या बदल्यात एक साधं कार्ड! हवी ती लेजेंडरी बनवायला अशी चाळीस पाकिटं लागतील. ज्याला सगळंच हवं आहे त्याच्यासाठी हा खेळ महाग आहे, तो इथे.

मग कंपनी फुकट खेळणाऱ्याला ठेवून का घेते? कारण पैसे भरणाऱ्याला खेळायला समोर माणूस लागतो. मध्यरात्री कुणी ‘प्ले’ दाबलं आणि काही क्षणांत त्याच्या ताकदीचा प्रतिस्पर्धी मिळाला, तर तो सुखावतो. मिळाला नाही तर त्याची महागडी कार्डं नुसती बघण्यापुरतीच. तुमचा पुतण्या तिथे फुकट्या नाही. तो त्या खेळातला समोरचा खेळाडू आहे, आणि त्याने दिलेला वेळ हाच त्याचा वाटा आहे. तो खेळत राहावा म्हणून गोल्ड, मोफत कार्डं वगैरे दिली जातात. हे दानधर्माखाती होत नाही.

हा तोल सांभाळणं किती अवघड असतं, ते इतर दोन खेळांकडे बघून कळतं. व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘आर्टिफॅक्ट’ आणला. रचनाकार होते रिचर्ड गारफील्ड, म्हणजे १९९३ मध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’ काढून संग्राह्य कार्डांच्या खेळांची सुरुवात करणारे गृहस्थ. खेळ खोल होता, पण आत शिरायलाच वीस डॉलर लागायचे आणि पुढची कार्डंही विकत घ्यावी लागायची. महिन्याभरातच मैदान ओस पडू लागलं. मार्च २०२१ मध्ये व्हॉल्व्हने काम थांबवलं आणि खेळ सगळ्यांना मोफत करून टाकला. उलट ‘लेजेंड्स ऑफ रुनटेरा’ या रायट कंपनीच्या खेळाने कार्डं इतकी सढळ हाताने दिली की विकत घ्यायचं कारणच फारसं उरलं नाही. खेळाडू खूश होते, पण जानेवारी २०२४ मध्ये रायटने मोठी कर्मचारीकपात केली आणि हा खेळ आपला खर्च भागवत नाही हे सांगून त्याचा पसारा आवरला. मला तो खेळ मनापासून आवडतो, म्हणून त्याचं वाईट वाटतं. हार्थस्टोन या दोन टोकांच्या मध्ये टिकून आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : हो, पैसे न भरता जिंकता येतं, पण आवर घालावा लागतो. प्रतिस्पर्धी रँक पाहून गाठला जातो, त्यामुळे पुतण्याची गाठ बहुतेक त्याच्याच तोडीच्या खेळाडूंशी पडते. २०२१ पासून ‘कोअर’ नावाचा मूळ संच सगळ्यांना मोफत आहे. एका वेळी एकच क्लास, म्हणजे नायकाचा प्रकार, धरावा, एकच डेक बांधावा आणि सगळं डस्ट त्याच्यावरच घालावं. वॉरलॉक हा क्लास घ्या. त्याच्या नायकाची खास शक्ती अशी, की दोन मॅना द्यायचे, स्वतःचं दोन हेल्थ गमवायचं आणि एक जास्तीचं कार्ड ओढायचं. ही शक्ती विकत घ्यावी लागत नाही, ती पहिल्या दिवसापासून हातात असते. तिच्या जोरावर लहान लहान, स्वस्त सैनिक भराभर मैदानात उतरवायचे आणि हात रिकामा झाला की पुन्हा ओढायचं, असा ‘झू’ नावाचा डेक पूर्वापार गरिबाचा डेक म्हणून नावाजलेला आहे. तो खेळताना खरा प्रश्न डस्टचा नसतो. आत्ता दोन हेल्थ गमावणं परवडेल का, याचा असतो. तिथे पुतण्याचं डोकं लागतं. आणि संग्रहच नको असेल तर ‘बॅटलग्राउंड्स’ हा आठ जणांचा प्रकार आहे. त्यात स्वतःचा डेक लागतच नाही.

डोकं लागतं हे मी उगाच म्हणत नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सचे खेळ प्रदर्शनीय म्हणून घेतले होते, त्यात हार्थस्टोन होता आणि भूजच्या तीर्थ मेहताने त्यात कांस्यपदक मिळवलं. पदकतालिकेत ते धरलं गेलं नाही, पण त्या पातळीवर सगळ्यांकडेच चांगली कार्डं असतात. उरतो तो अंदाज आणि संयम.

आता विक्रीचं. नाही, विकता येत नाहीत. आपल्याकडची मुलं डब्ल्यूडब्ल्यूईची कार्डं सोसायटीच्या जिन्यात बसून अदलाबदल करायची, तसंही इथे नाही. कार्ड दुसऱ्याला देता येत नाही, फक्त मोडता येतं. शिवाय ती कार्डं कंपनीच्या सर्व्हरवर असतात, आपल्या कपाटात नाही. चीनमध्ये ब्लिझर्ड आणि तिचे खेळ तिथे चालवणारी नेटईज कंपनी यांचा करार संपला आणि २३ जानेवारी २०२३ रोजी तिथले सर्व्हर बंद झाले. लाखो खेळाडूंचे संग्रह एका रात्रीत हाताबाहेर गेले. त्याच वर्षी भरलेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतूनही हार्थस्टोन वगळावा लागला. २०२४ मध्ये खेळ तिकडे परतला, पण मधला काळ गेला तो गेलाच. म्हणून या कार्डांवर खर्च केलेला पैसा सिनेमाच्या तिकिटाच्या खात्यात धरावा, सोन्याच्या नाही.

विकता येत नाही याचा एक फायदा मात्र आहे. जिंकून पैसे हाती येत नसल्याने हा खेळ पैसे लावून रमी खेळण्यापेक्षा वेगळा ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर आहे. तरी पैसे देऊन घेतलेलं बंद पाकीट आणि जुगार यांच्यातलं अंतर फार नाही, असं मला वाटतं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही नामांकित खेळांतल्या विकतच्या पेट्या जुगाराच्या कायद्याचा भंग करतात, असा निष्कर्ष काढला होता. घरातल्या फोनवर कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय सुरू करून ठेवा, आणि ती पुतण्याला सांगून करा, चोरून नको.

त्याला आणखी दोन गोष्टी सांगा. एखादं कार्ड फार प्रबळ ठरलं की कंपनी ते कमजोर करते, आणि त्यानंतर काही दिवस ते मोडलं तर बनवायला लागलेलं पूर्ण डस्ट परत मिळतं. म्हणून नको असलेली एपिक आणि लेजेंडरी कार्डं घाईने मोडू नयेत. दुसरं गोल्डचं. वर्षाला तीन मोठे सेट येतात आणि प्रत्येक नव्या सेटच्या पहिल्या दहा पॅकमध्ये एक लेजेंडरी नक्की असते. म्हणजे आत्ताच्या सेटचा अकरावा, बारावा पॅक फोडण्यापेक्षा नवा सेट येण्याच्या दिवशी खात्यात हजार गोल्ड असलेलं बरं. मोठ्या सेटला जोडून छोटे ‘मिनी-सेट’ही येतात. जानेवारी २०२१ मध्ये पहिला मिनी-सेट आला तेव्हा तो २००० गोल्डला पूर्ण मिळत होता, चार लेजेंडरींसह. तेवढ्याच गोल्डच्या वीस पॅकमध्ये सरासरीने एक निघाली असती. पुढचा मिनी-सेट आला की त्याची किंमत पुतण्याला आधी असंच भागून बघायला सांगा, मग गोल्ड खर्च करू द्या.