जप्त रोकड आणि क्रिप्टोचा मोह

निवडणुकीच्या काळात शेलूबाजारहून अकोल्याला मालखरेदीस निघालेल्या व्यापाऱ्याकडे ५०,००० रुपयांहून अधिक रोकड सापडली आणि कागद नसले, तर तपासणी पथक ती अनेकदा जप्त करते. मग ‘पैसा क्रिप्टोत ठेवा, तिथे कोणाचा हात पोहोचत नाही’ हा सल्ला गोड वाटतो.

आमच्या मते तो फसवा आहे. या नाण्यांच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर लागला. मार्च २०२३ पासून हे व्यवहार मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले. म्हणजे जप्ती तिथेही आहेच. शिवाय जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली.

खरे संरक्षण कागदाचे. बँकेतून रक्कम काढल्याची पावती, रोजमेळ आणि मालाची बिले जवळ बाळगावीत. तरीही रोकड जप्त झाल्यास जप्तीची पावती घ्यावी व तीन अधिकाऱ्यांच्या जिल्हा तक्रार समितीकडे अर्ज करावा. निवडणुकीशी संबंध नसल्याची खात्री पटल्यास ही समिती रक्कम परत करण्याचा आदेश देते.

उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकरामध्ये आहे. व्यापारी बांधवांनी रोकडीचा हिशेबही तसाच लिहावा. अडचणीत वहीच साक्ष देते.