मुरमाची वाट, सायकल आणि आपले रक्त



शुगर किंवा बी.पी. निघाले की डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, "रोज व्यायाम करा." चिठ्ठी घेऊन माणूस घरी येतो आणि पहिला प्रश्न पडतो, कुठे करू? गावात जिम नाही, बाग नाही. शहादा-दोंडाईचा रस्त्यावर सायकल काढावी तर मागून ट्रक. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यातल्या कित्येकांना मागे दिवाही नसतो. दत्तजयंतीच्या घोडेबाजारात तर सारंगखेड्याच्या रस्त्याने पायी चालणेही कठीण. मग चिठ्ठी डब्यात जाते आणि गोळ्या तेवढ्या चालू राहतात.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या पायाशीच आहे. तापीकाठच्या शिवारातल्या गाडवाटा, मुरूम टाकलेले पाणंद रस्ते, कालव्याच्या कडेचे कच्चे रस्ते. तिथे मोटारी जवळजवळ नसतात. एखादी बैलगाडी, एखादी मोटारसायकल, बाकी केळी, पपई आणि कापूस. आजचा पाठ या वाटांवर सायकल कशी चालवावी याचा आहे, आणि त्याआधी आपले रक्त का तपासून घ्यावे याचाही आहे.

वाट जुनी आहे

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि सुमारे 724 किलोमीटर वाहून सुरतजवळ समुद्राला मिळते. आपल्याकडे ती पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. सारंगखेड्याच्या खाली, गोमाई नदी तापीला मिळते तिथे प्रकाशा आहे. 1954-55 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथल्या पांढरीच्या टेकाडावर उत्खनन केले. वस्तीचे थर ताम्रपाषाण काळापर्यंत खोल गेले. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपासून माणसे या काठाने राहत आणि ये-जा करत आली आहेत. आज आपण ज्याला 'नुसता शेतरस्ता' म्हणतो, तशाच वाटांनी या खोऱ्यातले सगळे दळणवळण चालले.

अशा वाटांचे मोल इतरांनीही ओळखले आहे. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठाने एक जुना कालवा आहे. त्यातल्या नावा खेचणारी खेचरे ज्या कच्च्या वाटेने चालत, ती सुमारे 297 किलोमीटरची वाट आज पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी आहे. तिथे मोटाररस्ता करायचे घाटत होते. 1954 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस लोकांना घेऊन ती वाट चालत गेले, आणि तिथून ती वाचवण्याची चळवळ उभी राहिली. लोक वापरतात ती वाट टिकते. आपल्याकडेही तेच आहे. गावनकाशावरचा गाडरस्ता कोणी नांगरून टाकला किंवा अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण अर्ज करायला आधी त्या वाटेवर कोणीतरी जायला हवे.

सायकलने काय होते

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. सायकलवर शरीराचे बरेचसे वजन गादीवर असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही ती बहुधा झेपते. मांडीचे मोठे स्नायू काम करतात आणि रक्तातली साखर वापरतात. नियमित केले तर बी.पी. उतरायला मदत होते, झोप सुधारते. कच्च्या वाटेवर वेग कमी असतो आणि तोल सांभाळावा लागतो, म्हणून तेवढ्याच वेळात डांबरी रस्त्यापेक्षा जास्त मेहनत होते. मुख्य म्हणजे मागून येणाऱ्या गाडीची धास्ती नसते. नव्याने शिकणाऱ्या चाळिशीतल्या बाईला ही गोष्ट फार मोठी आहे.

श्रम मध्यम आहे का, हे ओळखायला यंत्र लागत नाही. पायडल मारताना शेजारच्या मैत्रिणीशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर वेग कमी करा. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याची रवाल चाल बघायला लोक लांबून येतात. त्या चालीत घोडा जोरात जातो पण स्वाराला हिसका बसत नाही. आपले पायडलही तसेच हवे, एकसारखे, हिसक्याशिवाय.

निघण्याआधी सिकलसेलची तपासणी

हा भाग नीट वाचा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत तो बराच आढळतो. त्यामुळे "तो आदिवासींचा आजार, आपला नाही" असे आपल्या वस्त्यांत सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. विदर्भात बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणावर सापडला आहे, आणि आपली सोयरीक तिकडे होतेच. रक्त जात विचारत नाही.

दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. आई किंवा वडील एकाकडूनच दोष आला तर माणूस वाहक असतो, अहवालावर 'एएस' लिहिलेले असते. तो बहुधा निरोगी असतो. दोघांकडून आला तर 'एसएस', म्हणजे आजार. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक.

व्यायामाशी याचा संबंध असा. अंगातले पाणी कमी झाले, फार ऊन किंवा एकदम थंडी लागली, दम लागेपर्यंत श्रम झाले, की एसएस माणसाला हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना सुरू होऊ शकतात. वाहकालाही कडक उन्हात, पाणी न पिता, जिवापाड श्रम केले तर क्वचित गंभीर धोका होतो. याचा अर्थ सायकल बंद असा नाही. वाहकाने पाणी, सावली आणि विश्रांती सांभाळून खुशाल चालवावी. एसएस व्यक्तीने डॉक्टरांना विचारून, सपाट वाटेवर, हळू, सोबत घेऊन चालवावी. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर ती गोळी मनाने बंद करू नये.

चाचणी सोपी आहे. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक की रुग्ण हे पक्के करतात. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. पक्का अहवाल आयुष्यभरासाठी असतो, तो जपून ठेवा.

पाणी, आणि पाणी न पिण्याचे खरे कारण

महिलांच्या बैठकीत मी विचारते, "बाहेर जाताना पाणी का पीत नाही?" आधी सगळ्या हसतात, मग एक जण सांगते, "ताई, जायचे कुठे?" लघवीला जागा नाही म्हणून आपल्या बायका सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. त्यातून लघवीची जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. सिकलसेल असेल तर ही सवय थेट वेदनेकडे नेते.

म्हणून वाट ठरवताना अंतराच्या आधी थांबा ठरवा. शाळा, विहार, ग्रामपंचायत, ओळखीच्या भगिनीचे घर, जिथे शौचालय उघडे मिळेल तिथून पुढे वळायचे. निघण्याआधी एक पेला पाणी प्या, वाटेत दर 15-20 मिनिटांनी चार घोट. लघवी फिकट असली की पाणी पुरेसे आहे. गडद पिवळी झाली की कमी पडले. घाम फार येत असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

1. बी.पी. 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर आधी उपचार, मग सायकल.
2. चालताना छातीत दुखते, चक्कर येते किंवा पूर्वी हृदयविकार झाला आहे.
3. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. उपाशीपोटी निघू नका, खिशात साखरेची पुडी किंवा गूळ ठेवा. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबून लगेच खा. पायात बंद बूट घाला.
4. गरोदर भगिनी. कच्च्या वाटेवर पडण्याचा धोका असतो, त्यांनी चालणेच बरे.

सायकल आणि वाट

नवी महागडी सायकल लागत नाही. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेली सायकल अनेक घरांत मुलीचे शिक्षण झाल्यावर भिंतीला टेकून गंजते आहे. तिला तेल घाला, ब्रेक बघून घ्या.

गादीची उंची अशी ठेवा: पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकली तर पाय सरळ व्हावा. गादी खाली असली तर गुडघे दुखतात. मुरमावर चाकात हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी हवी, अंगठ्याने दाबले तर टायर किंचित दबावा. ओढणी, साडीचा पदर खोचून घ्या. हेल्मेट कच्च्या वाटेवरही हवेच. वाळू लागली की हँडल झटक्याने वळवू नका, पुढचा ब्रेक एकटा दाबू नका. खडी आली की हात सैल सोडा आणि गादीवरून थोडे उठा.

पावसाळ्यात हा व्यायाम बंद. आपली काळी माती चाकाला चिकटते आणि चाक फिरेना होते. शिवाय हतनूरचे दरवाजे उघडले की तापी चढते. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी. सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजच्या फुगवट्यातले पाणी शांत दिसते पण खोल असते. हातपाय धुवायलाही उतरू नका. सारंगखेड्याहून प्रकाशाच्या दिशेने सलग एकच वाट मिळेल असे समजू नका, शेतकऱ्यांना विचारून तुकडे जोडा. शेतात फवारणी चालू असेल तर त्या बाजूने जाऊ नका.

सहा आठवड्यांचा क्रम

पहिले दोन आठवडे: 15 ते 20 मिनिटे, आठवड्यात तीन दिवस.
तिसरा-चौथा: 30 मिनिटे, चार दिवस.
पाचवा-सहावा: 30 ते 40 मिनिटे, पाच दिवस. इथे 150 मिनिटे पूर्ण होतात.

एकटे जाऊ नका. दोघी-तिघी मिळून जा आणि घरी वाट सांगून ठेवा.

थांबण्याच्या खुणा

छातीत दुखणे, धाप न थांबणे, हाडांत जोराची कळ, एका बाजूची ताकद जाणे, ग्लानी. सावलीत बसवा, पूर्ण शुद्धीवर असेल आणि एका बाजूची ताकद गेली नसेल तरच पाणी पाजा, 108 ला फोन करा आणि सिकलसेल असेल तर तसे सांगा. खरचटले तर साबण-पाण्याने माती पूर्ण धुऊन काढा. हळद, राख, टूथपेस्ट लावू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते केंद्रात सांगा.

स्वतःला विचारा

माझा सिकलसेलचा अहवाल घरात आहे का? माझे बी.पी. आणि शुगर मला आकड्यात सांगता येते का? माझ्या गावापासून निघणारी, मोटारी नसलेली एक तरी वाट मला माहीत आहे का? तिच्यावर थांबायची जागा आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर या आठवड्यात आधी आरोग्य केंद्रात जा. एकटे नको, घरातले सगळे जा. सायकल पुढच्या आठवड्यात काढली तरी चालेल.