इंग्रजी जगाची भाषा कायम राहील का?

इंग्रजीचा तास आला की आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. मग कुणीतरी म्हणतंच, "इंग्रज १९४७ साली गेले, मग त्यांची भाषा अजून कशाला?" या प्रश्नावर मी गुरुजींना विचारून थोडी माहिती जमवली. ती येथे देत आहे.

पूर्वी युरोपात विद्वान लोक लॅटिन भाषेत लिहीत. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा ग्रंथ १६८७ साली लॅटिनमध्येच निघाला. पण त्याचाच प्रकाशावरचा ग्रंथ १७०४ साली इंग्रजीत आला. एका माणसाच्या हयातीत वारे फिरले!

आपल्याकडे दरबारात फारसी चाले. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांऐवजी संस्कृत शब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. पुढे १८३७ सालच्या कायद्याने कंपनी सरकारने कचेऱ्यांतून फारसी काढायला सुरुवात केली. फारसी गेली, पण तिच्यातून आलेले अर्ज, जमीन, हजर, तारीख हे शब्द आपल्या तोंडी राहिले. म्हणजे मोठ्या भाषेचे राज्यही कायमचे नसते.

मग इंग्रजी लवकर जाईल का? मला तसे वाटत नाही. त्याची कारणे अशी :

(१) देशोदेशींच्या विमानांना सूचना बहुधा इंग्रजीत देतात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमाने आकाशात आदळली आणि ३४९ माणसे गेली. एका विमानातल्या लोकांना इंग्रजी नीट कळत नव्हते, हेही चौकशीत पुढे आले.

(२) विज्ञानातले बहुतेक नवे शोध इंग्रजीत छापले जातात.

(३) आज जगात इंग्रजी घरी बोलणाऱ्यांपेक्षा शिकून बोलणारेच जास्त आहेत. म्हणजे ती आता एकट्या इंग्रजांची राहिली नाही. आपले 'जंगल' आणि 'लूट' हे शब्द तर तिने कधीच घेतले!

आता मोबाईलही भाषांतर करून देतो. पण त्याने बरोबर सांगितलं की चूक, हे कळायला आपल्याला दोन्ही भाषा यायला हव्यात.

काही पालकांना वाटतं की मराठी शाळेत मूल मागे पडेल. त्यांना माझी नम्र विनंती आहे. जी गोष्ट मराठीत समजते ती इंग्रजीत सांगायला शिकता येते. पण जी समजलीच नाही, ती कोणत्या भाषेत सांगणार? म्हणून मित्रांनो, मराठी पक्की करा आणि इंग्रजीला भिऊ नका. रोज पाच नवे शब्द पाठ करा, आणि ते वाक्यात वापरा.